झाली का?

आमच्या वाशिममध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन कुणाचंच होत नाही. साठी ओलांडलेल्या पुरुषांची जी होतात ती सगळी ‘पोटाची’ ऑपरेशनं. फार खोदून विचारलं तर ‘हर्निया’ म्हणतात. त्याहून खोदलं तर ‘ते जरा खालच्या बाजूचं’ एवढं पुटपुटतात आणि विषय सोयाबीनच्या भावावर नेतात. बायकांचं असं नाही. सौभाग्यवतीच्या मैत्रिणी पिशवी काढल्याची हकिकत एकमेकींना टाक्यांच्या संख्येसकट सांगतात. ती ऐकून चौथीला धीर येतो आणि तीही तपासायला जाते. पुरुषांच्या बैठकीत ट्रम्प, तुरीवरची अळी आणि समृद्धी महामार्गावरचे अपघात यांवर सखोल चर्चा होते. रात्री कितीदा उठावं लागतं, यावर होत नाही.

आणि हे कुठे, तर वत्सगुल्मात. वाशिमचं हे जुनं नाव. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याची काही देखणी लेणी ज्याच्या काळात खोदली गेली तो हरिषेण याच शाखेतला. वात्स्यायनाने कामसूत्रात देशोदेशीच्या चालीरीती सांगताना वत्सगुल्माच्या लोकांचाही उल्लेख केला आहे. ज्या गावाच्या खासगी भानगडी दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी साऱ्या देशाला वाचायला मिळाल्या, त्याच गावात आज वीसेक ग्रॅमची एक ग्रंथी वाढली तर तिचं नाव घ्यायला माणूस मिळत नाही.

तिकडे राजेलोक मोकळे झालेत. १७ जानेवारी २०२४ रोजी लंडनच्या राजवाड्यातून रीतसर निवेदन निघालं, की राजे तिसरे चार्ल्स यांची प्रोस्टेट वाढली आहे, दुखणं घातक नाही आणि पुढच्या आठवड्यात उपचार होतील. हे ऐकून इतर पुरुषांनीही तपासून घ्यावं, असा राजेसाहेबांचा हेतू. लोकांनी तो मनावर घेतला आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर प्रोस्टेटवाढीच्या पानावर एकच झुंबड उडाली. वास्तविक एवढे भालदार-चोपदार पदरी असलेल्या माणसाने ‘पोटाचं ऑपरेशन’ म्हणून खपवलं असतं तर कोण विचारणार होतं? पण नाही. राजाने सांगितलं, आणि आमच्या गल्लीतले निवृत्त मंडळ अधिकारी मात्र हर्नियावर अडून राहिले.

माझं ऑपरेशन त्याच वर्षी दिवाळीनंतर अकोल्यात झालं. त्याआधीचं सगळं नेहमीचंच. रात्री उठबस. एसटीच्या थांब्यावर माझ्यामागून आलेले लोक मोकळे होऊन, चहा पिऊन, गाडीत जागा धरून बसायचे आणि मी अजून भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात वाचत उभा. एके रात्री मात्र लघवी पूर्ण अडली. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो की मी तेहतीस कोटींपैकी बऱ्याच देवांना नावानिशी हाक मारली आणि शेवटी धावून आली ती रबराची नळी. ऑपरेशन ‘दुर्बिणीचं’. कमरेत एक इंजेक्शन दिलं की कमरेखालचा माणूस नाहीसा होतो. डॉक्टर मूत्रमार्गातूनच आत जाऊन ग्रंथीचा वाढलेला भाग आतून खरवडून काढतात. बाहेरून टाका नाही, पट्टी नाही. पलीकडे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ कुणाला तिकीट मिळालं आणि कुणाचं कापलं यावर बोलत होते, म्हणून नेमकं काय कापलं जातंय हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. झालं. ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं एवढंच. त्यात रुग्णाला काही करायचंच नसतं.

करायचं असतं ते पुढे. ऑपरेशननंतर नळी आत ठेवतात, जखमेतलं रक्त गोठून वाट बंद होऊ नये म्हणून सलाइनच्या बाटल्या लावून मूत्राशय धूत राहतात, आणि पाणी लालचं गुलाबी, गुलाबीचं पिवळं होईपर्यंत नातेवाईक रंग तपासत बसतात. पुष्कळांची नळी तिथेच एक-दोन दिवसांत निघते. माझं मूत्राशय म्हणे बरीच वर्षं जोर लावून थकलं होतं, त्याला थोडी विश्रांती हवी होती. म्हणून मला नळी आणि पिशवीसह घरी पाठवलं आणि ‘वाशिमातच काढून घ्या’ असं कागदावर लिहून दिलं.

ही पिशवी दोन लिटरची, पारदर्शक, बाजूला मिलिलिटरच्या रेघा. तिचे नियम दोन. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, म्हणजे आतलं उलटं वर चढत नाही. आणि तिने जमिनीला टेकायचं नाही. थोडक्यात तिला सतत कुणाच्या तरी हातात लटकावं लागतं. बायकोने तिच्यासाठी भाचीच्या लग्नाच्या बस्त्याची कापडी पिशवी शोधून काढली. तिच्यावर दुकानाचं नाव, गणपती आणि खाली ‘शुभविवाह’. ती घेऊन मी अंगणात शतपावली करायचो. रस्त्याने जाणारे थांबायचे.

“काय आणलं जी सर?”

“काही नाही. घरचंच आहे.”

एक मात्र मान्य केलं पाहिजे. त्या दिवसांत मी रात्री अखंड झोपलो. कित्येक वर्षांनी. माझं काम परस्पर होत होतं. पण दिवसा एक विचित्र छळ होता. लघवी नळीतून आपोआप पिशवीत जात असते, मूत्राशय रिकामं असतं, तरी आता लागली, अगदी जोराची लागली, असं वाटत राहतं. नळी आत टिकावी म्हणून टोकाशी एक छोटा फुगा असतो. मूत्राशय बिचारं त्या फुग्यालाच लघवी समजून बाहेर ढकलू पाहतं आणि कळ येते. त्यावर गोळी मिळते, तिने कळ कमी होते. मूत्राशयाची समजूत मात्र कशानेच पटत नाही.

त्यात विधानसभेची निवडणूक. मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे माझी पिशवी आणि प्रचार ऐन रंगात एकाच वेळी. दारात रोज एक पक्ष. पहिल्या पक्षाचा पोरगा माझा जुना विद्यार्थी. त्याने पाया पडताना पिशवी पाहिली, क्षणभर वाकलेलाच राहिला आणि म्हणाला, “सर, मतदानाले गाडी पाठवतो. पिशवीसगट.” दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते जरा चौकस होते. त्यांनी ‘शुभविवाह’ लिहिलेली नवी कोरी पिशवी पाहिली आणि एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला म्होरक्या आवाज खाली करून म्हणाला, “काका, हे पिशवी कोणी वाटली?”

मी म्हटलं, अकोल्याहून मिळाली. त्यांनी ते लिहून घेतलं.

आता खरा मुद्दा. नळी आत असण्याची सवय होते. काढायची तारीख जवळ येते तशी झोप उडते. कारण या एकाच बाबतीत माहिती देणारे अचानक खूप होतात. साडू आले. त्यांचं स्वतःचं काही झालेलं नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “बाप्पा, आत फुगा रायते म्हंते. तसाच ओढला तं?” दूधवाल्याने रिसोडच्या त्याच्या मामेसासऱ्याची गोष्ट सांगितली, ती त्याने अर्धीच सांगितली आणि कॅन उचलून निघून गेला. उरलेला अर्धा भाग मी रात्रभर स्वतः रचला. शेजारच्या काकांचा सल्ला होता, की नळी काढताना दातांत रुमाल धरावा. ज्यांची नळी कधी काढली नव्हती ते सगळे बोलत होते. ज्यांची काढलेली होती ते, नंतर कळलं, गल्लीतच होते आणि गप्प होते.

मी विज्ञानाचा मास्तर. भीती वाटली की माणसाने वाचावं, असं मी पोरांना सांगत आलो, म्हणून वाचलं. शाळेच्या पुस्तकात उत्सर्जन संस्थेची आकृती मूत्राशयाखाली एक छोटा बाण काढून संपते. पुढे काय होतं ते बाणालाच ठाऊक. म्हणून पुस्तकांबाहेर गेलो. सुश्रुताने मूत्राची वाट आखडली तर दोन्ही तोंडांनी उघडी, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी, असं सांगून ठेवलंय. इथवर ठीक. पुढचं वाक्य असं, की दर तीन दिवसांनी आधीच्यापेक्षा जाड नळी घालावी. मी पुस्तक मिटलं. त्यानंतर मला आपल्या प्राचीन परंपरेबद्दल आदर राहिला, ओढ राहिली नाही.

अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ मध्ये आपल्या मुतखड्याने बेजार झालेल्या भावासाठी सोनाराकडून चांदीची वाकणारी नळी घडवून घेतली. भावाभावांत चांदीवरून होणारे तंटे मी पुष्कळ पाहिलेत, पण चांदीचा हा उपयोग बंधुप्रेमाचा कळसच म्हणायला हवा. मात्र या सगळ्या नळ्या आत टिकत नसत. बाहेरून बांधाव्या लागत. ती अडचण सोडवली सेंट पॉल या अमेरिकन गावच्या डॉ. फ्रेडरिक फोली यांनी, १९३० च्या दशकात. नळीच्या टोकाला फुगा. आत गेल्यावर त्यात पाणी भरायचं, नळी निसटत नाही. काढताना पाणी काढून घ्यायचं, नळी सुटते. फोलींनी पेटंट मागितलं तर कुणा दुसऱ्याने थोडे आधीच कागद केलेले. कोर्टकचेरी झाली आणि पेटंट त्या दुसऱ्याकडेच राहिलं. पण दवाखान्यात आजही नळीला म्हणतात ‘फोलीज’. सातबारा एकाचा आणि वावर ओळखलं जातं दुसऱ्याच्या नावाने, असं हे प्रकरण. वऱ्हाडात कुणालाही समजेल.

या वाचनातून मला कामाचं एकच कळलं, आणि ते साडूंना माहीत नव्हतं. फुगा आधी रिकामा करतात. नेहमीच्या नळीत तो दहा मिलिलिटरचा असतो, प्रोस्टेटनंतरच्या जाड नळीत तीस किंवा त्याहून थोडा मोठा. तीस मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. फुगा फुगलेला असताना नळी ओढली जाते ती रुग्ण झोपेत किंवा गुंगीत स्वतःच ओढतो तेव्हा, आणि मग खरोखर रक्ताची धार लागते. शहाण्या हातांनी कुणी तसं करत नाही.

काढायचा दिवस उजाडला. नळी सकाळी काढतात यालाही कारण आहे. सकाळी काढली की आख्खा दिवस हाताशी राहतो. लघवी सुरू झाली तर आनंद, अडली तर दिवसाउजेडी परत घालता येते. रात्री दोन वाजता वाशिमच्या रस्त्यावर ऑटो शोधण्यापेक्षा हे बरं. रिसोड नाक्याकडून पाटणी चौकापर्यंत मी ऑटोत गुडघ्यांखाली ‘शुभविवाह’ लटकवून गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, “कोणाकडचं लगन?” मी म्हटलं, “आमच्याकडचंच. आज पाठवणी.”

दवाखाना लहानसा. आत पडदा, पडद्याआड कॉट, कॉटशेजारी माझ्या नातवाच्या मावशीच्या वयाची सिस्टर. तिने मला एकच प्रश्न विचारला. “काका, एवढी तंग पँट काहून घातली?” दवाखान्यात जाताना चांगले कपडे घालावेत, ही आमच्या पिढीची समजूत. इथे सैल पायजमा किंवा धोतरच हवं, ते नंतरही कामाला येतं.

मग जे झालं ते दूधवाल्याच्या गोष्टीपेक्षा फारच नीरस होतं. तिने हातमोजे घातले. नळीच्या बाजूला एक छोटं रंगीत तोंड असतं, त्याला सुई नसलेली सिरिंज लावली आणि फुग्यातलं पाणी येऊ दिलं. तीस मिलिलिटर पूर्ण आलं का, ते पाहिलं. मला काहीही कळलं नाही. मग म्हणाली, “काका, लांब श्वास घ्या. अन् हळूच सोडा.” मी रुमाल दातांत धरला. “थो काढा पहिले. श्वास कसा सोडसान?” मी रुमाल काढला, श्वास घेतला, सोडायला लागलो, आणि त्या अर्ध्या श्वासात ती नळी बाहेर.

कसं वाटतं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दुखत नाही, दुखणं म्हणजे वेगळं. आतून काहीतरी सरकत येतंय ही जाणीव, एक गरम, झणझणीत रेघ, आणि शेवटच्या टोकाशी, फुग्याच्या सुरकुत्या निघताना, क्षणभर ‘आई गं’. तेवढं तोंडातून निघेपर्यंत संपलेलं असतं. चार थेंब लघवीचे, त्यात लालसर छटा. सिस्टरने ती नळी एका ट्रेमध्ये ठेवली. मी पाहिली. फुगा म्हणजे कुठलं राक्षसी प्रकरण असेल असं वाटलं होतं, तो नळीला चिकटून बसला होता. “बावीस नंबर,” सिस्टर म्हणाली. मला वाटलं पुढचा रुग्ण. तो नळीचा नंबर निघाला. त्याला तिनाने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. पॅरिसच्या शॅरियर नावाच्या हत्यारवाल्याने ही मोजणी घालून दिलेली. बावीस भागिले तीन, सात पूर्णांक एक तृतीयांश. हे गणित नळी आत असताना कळलं नाही, हे उत्तम झालं.

मी उठलो, पँट चढवली आणि निघालो. सिस्टर हसली. “कुठं चालले? पेपर आता आहे.”

तिने हातात एक प्लास्टिकचं मोजमापाचं भांडं दिलं. स्वतःहून, नळीशिवाय, किती होते ते त्यात करून दाखवायचं. मग सोनोग्राफी करून आत किती उरली ते पाहणार. आत फार उरली किंवा झालीच नाही, तर बावीस नंबर पुन्हा. पाणी प्यायचं, पण घटाघटा नाही. थोड्या थोड्या वेळाने एकेक पेला. एकदम दोन लिटर रिचवले तर थकलेलं मूत्राशय ताणलं जातं आणि उलट अडते. पोरांना परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा धडा एकदम घोकू नका म्हणून सांगत आलो. ते इथेही लागू पडतं.

बाकावर बसलो. शेजारी मालेगाव तालुक्यातले एक शेतकरी, डोक्याला रुमाल, हातात तसंच भांडं. त्यांची दुसरी खेप होती. मागच्या वेळी संध्याकाळपर्यंत झाली नाही, म्हणून पुन्हा घातली होती. मी विचारलं, मग? “मग काय. पिशवी घेऊन सोयाबीनच्या राशीवर राखण बसलो. हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव, अन् व्यापारी मांगते चार हजाराले. तवा थे पिशवी काय अवघड वाटते, सर?” मला त्या क्षणी या गृहस्थांचा फार आधार वाटला. नळी परत घालावी लागली तर आभाळ कोसळत नाही, हे मला कुणा डॉक्टरने नाही, राशीवर बसलेल्या माणसाने पटवलं. काही जणांना दोन खेपा लागतात. मूत्राशय काही दिवसांनी कामाला लागतं.

तेवढ्यात फोन सुरू झाले. पुण्याहून मुलगा. “बाबा, झाली का?” मागून सूनबाईचा आवाज, तिच्या मागून नातवाचा, “काय झाली?” नागपूरहून मुलगी, “बाबा, झाली का?” साडू, “फुगा निंगाला काय?” मेहुण्याने तर व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक समूहावर टाकलं, ‘भाऊजींची अजून प्रतीक्षा’. खाली बारा जणांनी हात जोडले. आयुष्यभर दार लावून जी गोष्ट केली तिची चार जिल्ह्यांत वाट पाहिली जात होती. आणि रिसेप्शनवरची मुलगी, दर अर्ध्या तासाने, भरल्या ओपीडीच्या डोक्यावरून, खणखणीत आवाजात:

“सर, झाली का?”

ओपीडी वळून बघायची. मी मान हलवायचो. ओपीडी हळहळायची. एक आजीबाई म्हणाल्या, “होईन बाप्पा, बालाजीले नारळ बोला.” माझा एक विद्यार्थी बायकोला घेऊन आला होता, तो दुरूनच अंगठा दाखवून गेला.

मी आत गेलो. उभा राहिलो. काही नाही. जोर लावावा असं वाटतं, तो लावायचा नसतो. आतली जखम ताजी असते. बाहेर आलो. राशीवाल्यांनी गुपित सांगितलं. “उभं राहू नका. बसा. नळ चालू ठेवा. अन् त्याच्याकडं ध्यान देऊ नका.” मी आत गेलो, बसलो, नळ सोडला आणि ध्यान दुसरीकडे नेण्यासाठी वाशिम जिल्ह्याचे तालुके म्हणायला लागलो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा, तालुके सहा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा… मानोऱ्यापर्यंत पोहोचलो आणि झाली.

जळजळ केवढी! मिरचीचा हात लागल्यावर होते तशी, पण आतून. त्याची मला कुणीतरी आधी कल्पना द्यायला हवी होती. पहिल्या दोन-तीन वेळा ती होतेच, मग उतरत जाते. भांड्यात साधारण चाळीस मिलिलिटर. थोडं गुलाबी. एक बारीक काळपट गाठ. ती पाहून मी घाबरलो, सिस्टर घाबरली नाही. “बारीक चालते. मोठ्या मोठ्या आल्या अन् अडली, तं सांगा.” थोड्या वेळाने आणखी झाली, मग त्याहून जास्त, आणि दुपारी एकदा एकशेऐंशी. सिस्टरने आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना गुण देत आलो. स्वतःच्या प्रगतीपुस्तकावर एवढा खूश मी मॅट्रिकलाही नव्हतो. सोनोग्राफीत आत फार काही उरलं नव्हतं. राशीवाल्यांची माझ्याआधीच झाली होती. त्यांनी भांडं उलटं ठेवलं आणि बाजार समितीत वाहन मिळेल का, ते बघायला निघून गेले.

घरी आल्यावर संपलं असं वाटतं. संपत नाही, हेही सांगायला हवं. पुढचे काही दिवस दर थोड्या वेळाने लागते, आणि लागली की थांबायला तयार नसते. खुर्चीतून उठेपर्यंत एक-दोन थेंब पुढे निघून जातात. काहींना काही आठवडे पॅड वापरावं लागतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा एक व्यायाम सांगतात, वायू रोखून धरावा तसा. १९४८ साली डॉ. केगल यांनी तो बाळंतिणींसाठी सांगितला होता. म्हातारे त्यात नंतर घुसले. या व्यायामाची गंमत अशी, की बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त चेहरा गंभीर होतो. मी सोफ्यावर बसून तो करत असलो की बायको विचारायची, “अजी, कोणाचा विचार करून राह्यले?”

मतदानाला गेलो. गाडी नाही घेतली, दोन्ही पक्षांची. रांग पाहिली आणि पोटात गोळा आला. पण ज्येष्ठांना पुढे सोडतात. मी आयुष्यात पहिल्यांदा वयाचा फायदा निर्लज्जपणे घेतला. शाई लागली आणि मी ज्या वेगाने केंद्राबाहेर आलो त्यावरून काही लोकांनी माझं मत कुणाला गेलं याचे अंदाज बांधले म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लघवी लाल. साडू लगेच म्हणाले, “म्या म्हटलं होतं.” डॉक्टर फोनवर म्हणाले, आतल्या जखमेची खपली सुटली असेल, पाणी वाढवा, आराम करा, वाढलं किंवा अडलं तर या. इसबगोल चालू ठेवा, कुंथू नका, पोतं उचलू नका, काही आठवडे मोटारसायकल बंद. शेवटची अट मी आनंदाने पाळली. आमच्याकडच्या काही रस्त्यांवर मोटारसायकल चालवणं हे ऑपरेशन न झालेल्यांनीही टाळावं.

आणि मग सुरू झालं ते अजब. मी कुणी विचारलं की सरळ सांगायचो, प्रोस्टेटचं झालं, नळी होती, काढली. पहिला गडबडला तो पानठेलेवाला. इकडेतिकडे बघून म्हणाला, “मलेही झालं होतं. दोन वर्सं झाले.” मग मेडिकलवाला. मग ज्यांनी मला दातांत रुमाल धरायला सांगितलं होतं त्या काकांचे थोरले बंधू. शेवटी एका संध्याकाळी निवृत्त मंडळ अधिकारी स्वतः आले, चहा घेतला, बायको आत गेल्याची खात्री केली आणि म्हणाले, “तुमची किती नंबरची होती?”

“बावीस.”

“माझी चोवीस,” ते म्हणाले, आणि हर्नियाचा मामला निकाली निघाला. मी चिडलोच. म्हटलं, साहेब, तुमच्या गल्लीत मी भीतीने रात्री जागून काढल्या, एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं? ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही विचारलं कधी?”

हेही खरं. न विचारण्याची आणि न सांगण्याची ही खोड पुढेही चालेल असंच दिसतं. ९ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर जागांचं. ती पोरं डॉक्टर होऊन बसतील तेव्हा त्यांच्यापुढे आमची पिढी जाऊन ‘पोटाचं आहे’ म्हणेल आणि ती पोरं आमची पोटं तपासत बसतील. तोवर माझं मत असं आहे की नळी काढण्यात भिण्यासारखं फार थोडं आहे. भीती आहे ती सारी न काढलेल्यांच्या गोष्टींत.

तुमची उद्या निघणार असेल तर सैल पायजमा घाला, सकाळी लवकर जा, फोन घरी ठेवा, पाणी घोट घोट प्या. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरला विचारून. पहिल्या वेळच्या जळजळीला घाबरू नका. मात्र पाच-सहा तास झाले आणि काहीच झाली नाही, ओटीपोट फुगून दुखायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या, लघवी गडद लाल झाली किंवा थंडी वाजून ताप चढला, तर घरात ‘पोट दुखते’ म्हणून ओवा चावत बसू नका. काय झालंय ते त्याच्या नावाने सांगा, मिळेल ती गाडी करा आणि रात्र व्हायच्या आत डॉक्टरला गाठा.